पोरीला सांगू नका, आईला सांगू नका

मागच्या वैशाखात आमच्या वस्तीतल्या विहारात साखर-बीपी तपासणीचे छोटेसे शिबिर ठेवले होते. एक टेबल, चार खुर्च्या, बीपीचे यंत्र आणि ग्लुकोमीटर एवढाच सरंजाम. रांगेतून एक आई येऊन बसली. बोटाला सुई टोचून थेंब पट्टीवर घेतला, तर आकडा आला ३८४. जेवून दोन तास झाले होते म्हणाली. पट्टी बदलून पुन्हा घेतली, ३७९.

गोळ्या चालू आहेत का, असे विचारले. चालू होत्या, पण एक दिवसाआड. महिन्याचे पाकीट दोन महिने पुरवायचे म्हणून तिने स्वतःच असा हिशेब बसवला होता. घरात कमावते कोण, असे विचारल्यावर मात्र तिचा चेहरा उजळला. "हाव, पोरगी हाये ना पुण्याले. कंपनीत हाये." मग खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाली, "तिले सांगू नका सिस्टर. तिकडं एकटी राह्यते. टेन्शन घेईन."

तीन आठवड्यांनी तीच पोरगी चार दिवसांच्या सुटीवर ट्रॅव्हल्सने नागपूरला आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या दारात उभी. "मावशी, जरा बोलायचं होतं." ऑफिसचे दोन जिने चढले की धाप लागते, छातीत धडधडते, केस मुठीने गळतात, पाळी आठ-आठ दिवस जाते आणि अंगावरून खूप जाते. आम्ही तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतला लाल रंग जवळजवळ उरला नव्हता. सकाळी रक्त तपासले तर एचबी ६.८. बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या वर असायला हवे. ८ च्या खाली गेले की त्याला तीव्र रक्तक्षय म्हणतात. रिपोर्ट घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवता ठेवता ती म्हणाली, "आईला सांगू नका. ती रडत बसेल आणि म्हणेल, नोकरी सोड अन् घरी ये."

एकाच घरातल्या मायलेकी, एकाच महिन्यात आमच्याकडे आल्या आणि दोघींनी एकच वाक्य आमच्या पदरात टाकले. दोघींची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल अशा काही गोष्टी बदलून आम्ही हे लिहीत आहोत. कारण हे काही एकाच घरातले नाही. आपल्या वस्तीत आता एका गल्लीतली दोन-तीन तरी पोरे-पोरी पुणे, हैदराबाद, बेंगळुरूला आहेत. पेढे वाटले जातात, विहारात सत्कार होतो, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरतो. पगार किती, हे सगळ्यांना ठाऊक असते. झोप किती, हे कोणी विचारत नाही.

आपले आजोबा-पणजोबाही गाव सोडूनच इथे आले होते. १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलने आणि तिच्या मागून आलेल्या कामधंद्याने कितीतरी घरे खेड्यांतून नागपुरात आणली. मिलमधल्या कापसाच्या धुळीने छातीचे दुखणे दिले, हेही खरे. पण ते लोक एकेकटे आले नव्हते. आधी आलेल्या भावाच्या खोलीत नंतरचा उतरायचा, गावच्या माणसांची चाळ व्हायची, चाळीची वस्ती व्हायची. ताप आला तर शेजारीण पेज घेऊन यायची. कोण खोकतो, कोणाच्या घरी चूल पेटली नाही, हे न सांगता कळायचे. आजची पोरगी मात्र एक बॅग घेऊन एकटी जाते. खोलीतल्या दोघी-तिघी वेगवेगळ्या राज्यांतल्या, वेगवेगळ्या पाळीत काम करणाऱ्या. एकीला ताप आला तर दुसरीला ते दोन दिवसांनी कळते. आपली तब्येत आजवर वस्तीने सांभाळली, हे आपल्याला वस्ती सुटल्यावरच कळते.

तिचा दिवस आम्ही तिला कागदावर लिहायला लावला. कामाची वेळ संध्याकाळी साडेसहा ते पहाटे साडेतीन. कॅब सगळ्यांना सोडत सोडत पाच वाजता खोलीवर पोचवते. झोपायला सहा. दहाला खोली झाडायला बाई येते. अकराला आईचा फोन, कारण आईचे काम त्या वेळी आटोपलेले असते. "जेवलीस का माय?" पोरगी झोपेतच "हो" म्हणते. पुन्हा झोप लागत नाही. म्हणजे झोप चार तास, फार तर साडेचार. मोठ्या माणसाला सात तास तरी झोप लागते. ती सलग लागते आणि अंधारात लागते. रात्रपाळी आम्ही स्वतः वॉर्डात बरीच वर्षे केली आहे, त्यामुळे हे पुस्तकातले सांगत नाही. पहिल्या महिन्यात काही वाटत नाही. मग चिडचिड सुरू होते, पित्त वाढते, पाळीचे गणित बिघडते. एक दिवस रस्ता ओलांडताना आपण उभ्या उभ्या झोपलो होतो, हे ध्यानात येते आणि मग घाबरायला होते.

रात्रपाळी सोडा, असे आम्ही म्हणणार नाही. त्याच पगारावर घर उभे आहे. पण आयांनो, एवढे लक्षात घ्या की तिची रात्र तुमच्या सकाळी असते. पहाटे साडेपाच ते दुपारी एकपर्यंत तिला फोन करू नका. अगदीच अडले तर निरोप लिहून ठेवा, उठल्यावर वाचेल. आणि पोरींनो, पोरांनो, खिडकीला जाड काळा कपडा लावा. तो नसेल तर डोळ्यांवर ओढणी बांधा. ड्यूटी संपायच्या आधीचे चार-पाच तास चहा-कॉफी बंद. पोटभर जेवण ड्यूटीला निघण्याआधी करा, रात्री एकच्या सुमारास हलके काही खा. सुटीच्या दिवशी एकदम दिवसाचे माणूस व्हायला जाऊ नका, शरीराला रोज नवे घड्याळ शिकवता येत नाही. झोप अनावर झाली असताना पहाटे गाडी चालवू नका, एवढे तरी ऐका. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे बाईला रात्री साडेनऊनंतर कामावर ठेवायचे तर तिची संमती लागते आणि तिच्या सुरक्षिततेची व ने-आणीच्या वाहनाची जबाबदारी मालकाची असते. कॅब हे कंपनीचे उपकार नाहीत.

ताटात काय पडते

या मुलीने दीड वर्षात तीन खोल्या बदलल्या. पहिल्या ठिकाणी घरमालकिणीने पूर्ण नाव विचारले, मग गाव विचारले, मग "खोली कालच गेली" असे सांगितले. खोलीवरची पाटी पुढे महिनाभर तशीच लटकत होती. दुसऱ्या ठिकाणी जागा मिळाली, पण अट होती, अंडेसुद्धा आणायचे नाही. तिसरी मिळाली ती ऑफिसपासून लांब, भाडे जास्त, रोजचा तासभर प्रवास वाढला. बाबासाहेबांचा फोटो ती भिंतीवर लावत नाही, बॅगेत कपड्यांखाली ठेवते, हे तिने सांगितले तेव्हा आम्ही थोडा वेळ काही बोललो नाही. असल्या गोष्टींनी माणूस आतून सतत सावध राहतो. सतत सावध राहणाऱ्याला भूकही नीट लागत नाही आणि झोपही नीट येत नाही. आरोग्याच्या पानावर हे कशाला, असे कोणाला वाटेल. आमच्या मते ते इथेच यायला हवे.

तर पीजीतले जेवण. सकाळी पोहे, दुपारी पातळ वरण, भात, बटाट्याची भाजी, आणि ऑफिसात चार-पाच वेळा चहा-बिस्किट. घरी असताना हीच पोरगी आठवड्यातून एकदा मटण किंवा कलेजी, अधूनमधून सुकट, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी खायची. कोणी "पौष्टिक आहार" म्हणून ते दिले नव्हते, ते घरातले साधे खाणे होते. ते बंद झाले आणि जोडीला पाळीत रक्त जास्त जाऊ लागले. दीड वर्षात साठा संपला.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ मध्ये झाली, तिच्यात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. म्हणून रक्त कमी असणे म्हणजे बाईपणच, असे आपल्या अंगवळणी पडले आहे. पण ६.८ घेऊन जिने चढणाऱ्या बाईच्या काळजावर रोज जास्तीचा भार पडतो. महिन्यात दर दोन तासांनी पॅड भिजत असेल, रक्ताच्या गाठी पडत असतील, पाळी सातपेक्षा जास्त दिवस चालत असेल तर फक्त टॉनिक पिऊन भागत नाही. स्त्रीरोग डॉक्टरांना दाखवायलाच हवे. तिला आम्ही दाखवले. सोनोग्राफीत गाठ निघाली नाही. रक्तस्राव कमी करायची औषधे दिली, लोह शिरेतून दिले, पुढे गोळ्या दिल्या. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या, चहाच्या आधी-नंतर तासभर नको. शौचाला काळे होते, त्याला घाबरू नका. अंडी चालत नसतील तिथे ऑफिसच्या कँटीनमध्ये रोज दोन उकडलेली खा. भाजलेले शेंगदाणे-फुटाणे आणि गूळ पर्समध्ये राहू द्या. जवसाची चटणी ट्रॅव्हल्समधून पाठवता येते, महिनाभर टिकते.

पण विदर्भातल्या माणसाला एक जास्तीची गोष्ट करावी लागते. रक्त कमी दिसले की आधी सिकलसेल तपासायचे. हा आजार आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात पिढ्यान्‌पिढ्या आहे. ज्याच्यात एकच जनुक आहे तो वाहक, म्हणजे एएस. तो आजारी नसतो. दोन्ही जनुके आली तो एसएस, त्याला आजार असतो. ही मुलगी एएस निघाली. वाहक असल्याने एचबी ६.८ होत नाही, म्हणजे तिचे कारण लोहाचेच होते. पण एसएस असेल, त्याने लोहाच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. पुन्हा पुन्हा रक्त चढवलेल्या माणसाच्या अंगात लोह आधीच जास्त झालेले असू शकते.

एसएस असलेली पोरेही आता नोकरीला बाहेर जातात, आणि जावीतच. पूर्वी "याला जड काम जमणार नाही" म्हणून दहावीलाच शाळा सोडवायचे. आज हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक अ‍ॅसिड नियमित घेऊन लॅपटॉपवर काम करणारी मुले आमच्या माहितीत आहेत. त्यांना त्रास कशाने होतो, तर कमी पाण्याने, थंडीने, तापाने, जास्त दमण्याने. ऑफिसचा एसी, पाणी प्यायला उठायची वेळ नाही, रात्रीची जागरणे, हे सगळे तिथे एकत्र येते. एका मुलाने अंगावर स्वेटर घालून बसायची परवानगी मागितली नाही, कारण मग "का?" असे विचारले असते. दोन वेळा दुखण्याचा झटका आला तेव्हा त्याने "पाठ भरली" असे सांगून रजा काढली. अशांनी एक कार्ड खिशात ठेवावे, त्यावर सिकलसेल एसएस, रक्तगट, चालू औषधे आणि घरचा नंबर. खोलीतल्या एकाला तरी हे ठाऊक असावे. ताप, छातीत दुखणे आणि दम लागणे हे एकदम आले तर थांबायचे नाही, थेट मोठ्या दवाखान्यात जायचे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, प्रमाणपत्र मिळाले तर सवलती आणि कामाच्या जागी सोय मागता येते. ऑफिसात सांगायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्ही जबरदस्ती करत नाही.

जबरदस्ती न करण्याचे हे शहाणपण आम्हाला एका चुकीने आले. बरीच वर्षे झाली. एका मुलीचा एएस रिपोर्ट आम्ही तिच्या मामाला सांगितला, चांगल्या हेतूने, पुढे लग्नात उपयोग होईल म्हणून. मामाने तो वरपक्षाला "पोरीला रक्ताचा आजार आहे" असा सांगितला. लग्न मोडले. मुलीला काहीही आजार नव्हता. जोडीदाराची तपासणी केली असती तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता, कारण दोघेही वाहक असले तरच प्रत्येक गरोदरपणात चारातून एक शक्यता मूल एसएस होण्याची असते. ती मुलगी पुढे आमच्याशी दोन वर्षे बोलली नाही. रिपोर्ट ज्याचा, तो सांगायचा हक्क त्याचा, हे त्या दिवसापासून आम्ही गाठीला बांधले. म्हणूनच या मायलेकींचे गुपित आम्ही एकमेकींना सांगितले नाही. फार जड गेले, पण नाही सांगितले.

घरातली नवी कर्ती

पगार हातात २६,००० येतो. खोली-जेवणाला साडेनऊ जातात, घरी १२,००० पाठवते. त्यातून धाकट्या भावाची पॉलिटेक्निकची फी, स्लॅबचा हप्ता आणि बाकी घरखर्च. वडील ऑटो चालवायचे, डोळ्यांच्या त्रासाने बंद केला. आता गॅस कधी घ्यायचा, नळाची पावती कोणी भरायची, काकाकडच्या लग्नात किती रुपये लिहायचे, हे सगळे फोनवरून तिला विचारतात. चोवीस वर्षांची पोरगी घरातली कर्ती झाली. ते चांगलेच झाले. १९४२ च्या जुलैमध्ये याच नागपुरात भरलेल्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी बायांना लेकरांच्या लग्नाची घाई करू नका, त्यांना शिकवा, असे सांगितले होते. त्या परिषदेला गेलेल्या बायांच्या नाती-पणत्या आज पगाराच्या पावत्या घेऊन घरी येतात.

पण जुन्या कर्त्याला जे मिळायचे ते या नव्या कर्तीला मिळत नाही. बाप कामावरून आला की पाण्याचा तांब्या पुढे व्हायचा, मटणातला चांगला तुकडा त्याच्या ताटात पडायचा. पोरगी चार दिवस सुटीवर येते तेव्हा पहिल्या सकाळी भांडी तीच घासते. चौथ्या दिवशी पाहुणे "बघायला" येतात. म्हणजे कमावते ती पोरासारखी, आणि बाकी सगळ्यात पोरगीच. एकीकडे "लग्न कर" म्हणायचे आणि दुसरीकडे हप्ता संपेपर्यंत स्थळ नाकारायचे, हेही आम्ही पाहिले आहे. बोलायला कडू आहे, पण आहे.

पोरांचे वेगळे. त्यांनी रडायचे नसते, एवढाच फरक. बेंगळुरूला गेलेल्या एका मुलाची नोकरी गेली. त्याने घरी सांगितले नाही. चार महिने तो घरी ठरलेल्या तारखेला पैसे पाठवत राहिला, मोबाइलवरच्या कर्जाच्या अ‍ॅपमधून उचलून. वसुलीवाल्यांनी जेव्हा त्याच्या फोनमधल्या नंबरांवर फोन लावायला सुरुवात केली तेव्हा आईला कळले. तोवर त्याचे वजन नऊ किलो उतरले होते आणि "जगून काय करायचे" इथपर्यंत तो आला होता. तो वाचला, कारण त्याच्या खोलीतल्या मित्राने त्याला एका रात्री एकटे सोडले नाही. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे. फुकट आहे, दिवसरात्र चालतो, मराठीतून बोलता येते. घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि पोरांच्या फोनमध्येही टाका. झोप उडाली, जेवण सुटले, माणूस फोन उचलेनासा झाला, उगीच सगळ्यांची माफी मागू लागला, तर वाट पाहू नका.

दुसऱ्या एकाचा खोकला दीड महिना चालला. मेडिकलवरून तीन वेळा सिरप घेतले. संध्याकाळचा ताप अंगावर काढला. घरी आला तेव्हा बरगड्या मोजता येत होत्या. टीबी निघाला. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला की थुंकी तपासायचीच, हे प्रत्येक भिंतीवर लिहिलेले असते आणि तरी राहून जाते. नागपुरात औषध सुरू झाले, महिन्याने डॉक्टरांनी कामावर जायला हरकत नाही म्हटले, आणि त्याला भीती की तिकडे गेल्यावर औषध कोण देणार. नि-क्षयमध्ये नाव नोंदलेले असले की त्या नंबरावर देशात कुठल्याही सरकारी केंद्रात उपचार पुढे चालू ठेवता येतो. जाण्याआधी इथल्या केंद्रात बदलीची नोंद करून घ्यायची, एवढेच. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिना १,००० रुपये खात्यावर येतात. औषध मात्र पूर्ण कोर्स, एकही दिवस न चुकवता.

पगाराच्या पावतीवरची ओळ

आता आम्हाला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट. या मुलीची पहिली नोकरी १८,००० पगाराची होती. त्या वेळच्या पावत्या आम्ही मागून घेतल्या. त्यात दर महिन्याला १३५ रुपये कापलेले होते. तिला वाटले, टॅक्स असेल. तो ईएसआयचा हप्ता होता. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्याला ही योजना लागू होते. कामगाराचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. त्यातून कामगाराला तर उपचार मिळतातच, त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही मिळतात. नागपुरात ईएसआयचे रुग्णालय आहे, दवाखाने आहेत. आई एक दिवसाआड गोळी खात होती ती त्याच वर्षी सुरू झाली होती. तेव्हा तिला ती गोळी, तपासणी, सगळे पोरीच्या कार्डावर मिळाले असते. कोणी सांगितले नाही. कंपनीने एक कागद दिला होता, इंग्रजीत.

आजारपणाची रजाही त्यात असते. ठरावीक दिवसांचा हप्ता भरलेला असेल तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात. टीबीच्या त्या मुलाने बिनपगारी रजा काढली होती.

पगार २१,००० च्या वर गेला की बहुतेक ठिकाणी कंपनीचा मेडिक्लेम येतो. रुजू होताना एक फॉर्म भरून घेतात, त्यात आईवडिलांचे नाव घालायचा चौकोन असतो. त्याचे पैसे पगारातून कापले जातात म्हणून पोरे तो रिकामा सोडतात आणि मग वर्षभर तो पुन्हा उघडत नाही. एचआरला विचारा, पुढच्या वेळी कधी उघडणार. आजार लपवून स्वतंत्र पॉलिसी घेऊ नका, नेमके गरजेच्या वेळी दावा नाकारतात.

आईवडिलांना दवाखान्यात भरती करायची वेळ आली तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आधी आठवा. योजनेतल्या रुग्णालयात रेशनकार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राला भेटायचे. कोणते रुग्णालय योजनेत आहे, हे निरोगी असताना पाहून ठेवायचे. रात्री दोन वाजता रिक्षात बसून नाही. आम्ही एका घरी पाहिले, बापाला जवळच्या खासगी दवाखान्यात नेले, पोराने तिकडून ६०,००० पाठवले, तेही उधार घेऊन. दोन किलोमीटरवर योजनेतले रुग्णालय होते. साखर-बीपीच्या नेहमीच्या गोळ्या नागरी आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. कधी साठा संपलेला असतो, कधी तीन खेटे पडतात, हे आम्हीही भोगले आहे. तेव्हा जनऔषधी दुकानातून घ्या, तीच गोळी पुष्कळ स्वस्त पडते. पण एक दिवसाआड नको.

मायलेकींचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. पोरीची ट्रॅव्हल्स रविवारी रात्रीची होती. त्या दुपारी आम्ही त्यांच्या घरी गेलो, चहा झाला, आणि आम्ही आईला एवढेच म्हणालो, "बाई, तुमचा कागद दाखवा." पोरीला म्हणालो, "तू तुझा दाखव." कोणीच हलले नाही. वडील खाटेवर बसून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत होते. मग आई उठली, पत्र्याच्या पेटीतून शिबिराची चिठ्ठी काढून तिने पोरीच्या मांडीवर ठेवली. पोरीने वाचले. रडण्याऐवजी ती रागावली, "मी कशासाठी जाते मग तिकडे?" आई म्हणाली, "अन् तुह्या पर्समंदी काय हाये?"

भांडण बराच वेळ चालले. आम्ही मधे पडलो नाही. शेवटी वडिलांनी वही आणली आणि त्या वहीत दोन रकाने पाडले. एकात आईची साखर, दुसऱ्यात पोरीची झोप आणि एचबी. घरी पाठवायचे १२,००० आता ११,००० झाले, उरलेले हजार पोरीच्या अंड्यांचे, फळांचे आणि औषधाचे. स्लॅबचा हप्ता लांबला. काका नाराज झाले, त्यांच्या लग्नात कमी लिहिले म्हणून. दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता, पोरीची सुटी असते तेव्हा, फोन होतो आणि वडील आकडे लिहितात.

तीन महिन्यांनी पोरीचा एचबी १०.९ झाला. झोप अजून सहाच तास आहे, खोली बदलायची खटपट चालू आहे. मागच्या रविवारी आम्ही त्यांच्याकडे होतो. आईने आकडा सांगितला, १६८. पलीकडून पोरीने लगेच विचारले, "उपाशीपोटी की जेवल्यावर?" आई आमच्याकडे बघून हसली आणि फोनमध्ये म्हणाली, "आधी तू सांग, किती वाजता झोपली होती ते."